बोर्ड-बॅटनच्या पट्ट्यांना दर उन्हाळ्यात चीर पडते? लांबी भरण्याआधी हे बघा

आमच्या पुण्यातल्या हॉलची एक भिंत, अकरा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. २०२१ च्या दिवाळीआधी तिच्यावर बोर्ड अँड बॅटन पॅनेलिंग करून घेतलं. १२ मिमी एमडीएफच्या ६५ मिमी रुंद उभ्या पट्ट्या, वर आणि खाली आडव्या, सगळ्यावर शेवाळी हिरवा रंग. दिवाळीत आलेल्या प्रत्येकाने हात फिरवून पाहिलं. एप्रिल २०२२ मध्ये उभी पट्टी आडवीला जिथे भेटते तिथे केसाएवढी चीर दिसली. पेंटर आला, लांबी (पुट्टी) भरली, वरून रंगाचा हात मारून गेला. जुलैत चीर मिटली आणि भरलेली लांबी तिथून टेंगळासारखी वर आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. २०२४ ला फोन केला तर पेंटर हसतच म्हणाला, "मॅडम, तीच भिंत ना?"

मी स्वतः इंटिरिअरची कामं करते, त्यामुळे ही नाचक्की जरा जास्तच लागली. त्या वर्षी लांबीचा डबा बाजूला ठेवला आणि पट्ट्या उतरवल्या. तेव्हा जे दिसलं, आणि त्यानंतर चार-पाच घरांतल्या अशाच तक्रारी बघताना जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

आधी एक गंमत. मूळचं बोर्ड अँड बॅटन म्हणजे अमेरिकेतली धान्याची कोठारं आणि गुरांचे गोठे. उभ्या रुंद फळ्या, दोन फळ्यांमध्ये मुद्दाम सोडलेली फट आणि त्या फटीवर मारलेली अरुंद पट्टी. १८४०-५० च्या सुमारास अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या बागकाम आणि घरबांधणीवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी ही पद्धत राहत्या घरांसाठी उचलून धरली. घराचा सांगाडा उभ्या लाकडांचा, मग अंगावरच्या फळ्याही उभ्याच असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पण फट का सोडायची? तर लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आकसतं म्हणून. त्याला हलायला जागा ठेवायची आणि ती जागा पट्टीने झाकायची, एवढंच त्या पट्टीचं काम. कौलांखालच्या रिपेसारखीच साधी, कामाची पट्टी.

आपल्या फ्लॅटमध्ये काय होतं? फळ्या नसतातच. मागे प्लास्टरची भिंत, तिच्यावर शोभेला पट्ट्या. आणि जी पट्टी फट झाकायला जन्माला आली, तिच्याच कडेने आपण फट भरत बसतो. तीही सिमेंटच्या लांबीने.

चीर कुठे आहे, ते आधी बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पेन्सिल घ्या, भिंतीचं साधं चित्र काढा आणि प्रत्येक चीर त्यावर मांडा. जागेवरून कारण कळतं.

उभी पट्टी आडवीला टेकते तिथेच चीर असेल, तर पट्टी लांबीत कमी-जास्त होते आहे. इथे एमडीएफ आणि खरं लाकूड यांच्या स्वभावात उलटा फरक आहे. सागाची पट्टी लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. एमडीएफ म्हणजे लाकडाचे दाबलेले तंतू. त्याला नस नसते, त्यामुळे तो लांबीत आणि रुंदीत सारख्याच प्रमाणात हलतो. प्रमाण थोडंच, पण ६५ मिमी रुंदीत ते दिसत नाही आणि आठ फूट लांबीत दोन-चार मिमी होऊन बसतं. माझ्या भिंतीवर हेच झालं होतं.

पट्टीच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत बारीक रेघ असेल, तर दोन शक्यता. पट्ट्या खऱ्या लाकडाच्या असतील तर हिशेब सोपा आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते, जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर राहते. ३० टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेल्या लाकडात साधारण ६ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांत ते १५-१६ पर्यंत चढतं. घराच्या आत हा फरक थोडा कमी, ८ टक्के धरा. तेवढ्यात ६५ मिमी रुंदीची सागाची पट्टी सुमारे १ मिमी आकसते. सागासारख्या शांत लाकडाची ही गत, तर स्वस्त पाइनची विचारूच नका.

पट्ट्या एमडीएफच्या आणि तरी कडेला रेघ, तर पट्टी भिंतीला नीट धरलेलीच नाही. आमच्या मिस्त्रींनी तेव्हा छाती ठोकून सांगितलं होतं, "पिना मारल्यात मॅडम, हलायचं नाव घेणार नाही." पिना कोणत्या? बंदुकीच्या, ३० मिमीच्या. त्यातले १२ मिमी पट्टीतच गेले, राहिले १८. त्यापुढे जिप्समचा थर १२ मिमीच्या आसपास. म्हणजे विटेपर्यंत पोचली ती जेमतेम ५-६ मिमी टोक. मी पट्टीखाली पटाशी घातली आणि अंगठ्याने दाबली, तर पट्टी पिनांसकट हातात आली. मागे गोंदाचे पाच ठिपके होते, त्यातल्या तिघांनी भिंतीचा जुना रंग ओरबाडून सोबत आणला होता. गोंद पट्टीला धरून होता आणि रंगाने भिंत सोडली होती.

याच प्रकारात आणखी एक कारण सापडतं: भिंत सपाट नसणं. लांब सरळपट्टी भिंतीवर आडवी धरून बघा. मधे ४-५ मिमी पोकळी दिसली, तर पेंटरने तेवढ्या जाडीची लांबी कडेला भरलेली असणार. इतकी जाड लांबी वाळतानाच तडकते, तिला उन्हाळ्याची गरज नसते.

चीर पट्ट्यांची पर्वा न करता सगळ्या भिंतीवरून आडवी गेली असेल, साधारण बीमच्या खालच्या कडेने, तर पॅनेलिंगला दोष देऊ नका. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे प्लास्टरमध्ये जाळी मारलेली नसली की ही चीर येतेच. ती प्लास्टर कापून, जाळी मारूनच जाते. सुतार आणि पेंटर यांना त्यासाठी परत परत बोलावणं म्हणजे पोट दुखतंय आणि बाम कपाळाला.

फक्त खालचे तीन-चार इंच फुगले असतील, रंगाला फोड आले असतील, तर कारण बहुतेक वेळा रोजचं आहे: फरशी पुसायचं पाणी. एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी पाणी पिते, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. घासून, भरून, रंगवून काही उपयोग नाही. तो तुकडा बदलायचा.

आणि एकाच कोपऱ्यात, ढगासारखा पसरलेला डाग असेल, पांढरा लोणा किंवा काळी बुरशी असेल, तर ती ओल. तिच्याबद्दल पुढे वेगळं.

दिवाळीआधीचं काम

हा मुद्दा मला तीन वर्षांनी सुचला याची खरं तर लाज वाटते. आपल्याकडे घरातली सगळी कामं कधी निघतात? गणपती गेले की. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुकानातून जी एमडीएफची शीट किंवा सागाची पट्टी येते, ती चार महिने पावसाळी हवा पिऊन टम्म झालेली असते. ती त्याच आठवड्यात कापून, सांध्याला सांधा घट्ट भिडवून बसवली, वर रंग मारला की दिवाळीला भिंत आरशासारखी दिसते. मग हवा कोरडी होत जाते, पट्टी मुकाट्याने आकसत जाते आणि एप्रिलमध्ये सांधे उघडतात. मे महिन्यात बसवलेल्या कामाचं उलटं होतं: आकसलेली पट्टी घट्ट बसवलेली असते, पावसाळ्यात ती फुगते, तिला जायला जागा नसते, मग मधूनच पोट काढते.

माझ्या मते पुण्या-नाशिकच्या हवेत या कामाला नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यात बरा. हवा मधली असते, त्यामुळे पट्टी दोन्हीकडे अर्धं-अर्धंच हलते. ग्राहकाला हे पटवणं वेगळी गोष्ट; "दिवाळीनंतर करू" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मुंबईत आणि कोकणात हवा बारा महिने दमट, त्यामुळे तिथे चिरा कमी आणि फुगण्याच्या तक्रारी जास्त. मात्र दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत मुंबईतही पुण्यासारख्या चिरा बघितल्या आहेत.

दिवाळीआधीच करायचं असेल तर निदान माल खोलीत आणून चार-पाच दिवस ठेवा. एकावर एक रचून नाही. मधे चिपाट्या घालून, हवा सगळीकडून फिरेल असा. आणि सांधे भिडवू नका.

मी काय केलं

डाव्या कोपऱ्यातली एक सोडून सगळ्या पट्ट्या उतरवल्या. खालच्या आडव्या पट्टीचे चार तुकडे फेकले, बाकीच्या वापरता आल्या. भिंतीवरचा सुटा रंग खरवडून प्लास्टरपर्यंत गेलो, प्रायमर मारला. जिथे पोकळी होती तिथे आधी भिंतच सपाट करून घेतली. ते काम पट्टी बसवण्याआधीचं आहे, नंतर कडेने लांबी कोंबून ते होत नाही.

पट्ट्यांच्या चारही कडा आणि मागची बाजू सील केली. मागची बाजू कुणीच रंगवत नाही, कारण ती दिसत नाही. पण समोर रंगाचे तीन हात आणि मागे कोरा एमडीएफ म्हणजे ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर करणार आणि पट्टी धनुष्यासारखी वाकणार. कडांना आधी तेलाचा प्रायमर पातळ करून पाजला, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, पुन्हा एक हात. पाण्याचा प्रायमर कापलेल्या कडेवर थेट लावला तर तंतू उभे राहतात आणि कड खरखरीत होते.

बसवताना गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीत ठोकायचा प्लग) आणि स्क्रू, दर १६ इंचांवर. स्क्रू ५० मिमीचा घेतला, म्हणजे पट्टी आणि जिप्सम ओलांडूनही २५ मिमी विटेत जातो. स्क्रूचं डोकं पट्टीत थोडं बुडवून वर लाकडाचं फिलर भरलं. ब्लॉकची हलकी भिंत असेल तर तिच्यासाठी वेगळी लांब गिट्टी मिळते, साधी फिरत राहते. पिना मी आजही वापरते, पण गोंद वाळेपर्यंत पट्टी धरून ठेवायला. कायमचा भार त्यांच्यावर टाकत नाही.

आता सांधे. इथे मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, आडव्या पट्ट्या १२ ऐवजी १८ मिमी जाडीच्या केल्या. उभी १२ ची पट्टी १८ च्या पट्टीला टेकली की ६ मिमीची पायरी तयार होते, तिची सावली सांध्यावर पडते. चीर पडली तरी सावलीत विरते. जुने सुतार दाराच्या चौकटीवरची पट्टी बाजूच्या पट्ट्यांपेक्षा जाड ठेवतात त्यामागे हाच हिशेब असतो. मला तो आधीपासून माहीत होता, पण "सगळं एका पातळीत छान दिसेल" या हट्टापायी सोडून दिला होता.

दुसरी, सांध्यात वर ३ मिमी जागा सोडली आणि ती लांबीने न भरता रंग बसणाऱ्या सीलंटने भरली. हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. साधं ॲक्रिलिक सीलंट स्वतःच्या रुंदीच्या जास्तीत जास्त १० टक्क्यांच्या आसपास ताणलं जातं, चांगलं पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर २५ टक्के. म्हणजे सांधा १ मिमी हलणार असेल तर त्यात निदान ४ मिमी रुंद सीलंट हवं. आपण काय करतो? पाव मिमीच्या चिरेत बोटाने सीलंट चोपडतो आणि त्याने १ मिमी, म्हणजे स्वतःच्या चौपट ताणावं अशी अपेक्षा ठेवतो. तेही बिचारं फाटतं, मग आपण म्हणतो माल खराब होता. माझ्या सांध्यात जागा ३ मिमीच होती, म्हणून उभ्या पट्ट्या सलग आठ फुटांच्या न ठेवता साडेतीन फुटांवर एक मधली आडवी पट्टी घातली. तुकडे लहान झाले, हालचाल दोन सांध्यांत वाटली गेली. दिसायलाही मला तेच जास्त आवडलं, पण ते नंतर सुचलेलं शहाणपण.

आणि हो, निव्वळ सिलिकॉन वापरू नका. बाथरूमला ते उत्तम, पण त्याच्यावर रंग चढत नाही. एकदा सिलिकॉन लागलेल्या कडेवर पुढे दुसरं काहीही नीट चिकटत नाही. पेंटरने "सिलिकॉन मारतो" म्हटलं तर ट्यूब हातात घेऊन तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. बोलीभाषेत सगळ्याच ट्यूबना सिलिकॉन म्हणतात.

खालच्या कडेचा प्रश्न असा सोडवला: फरशीची जी चार इंचाची टाइलची स्कर्टिंग बिल्डरने दिलेली असते, ती आधी फोडून पॅनेलिंग जमिनीपर्यंत नेलं होतं. ती परत बसवली आणि पॅनेलिंग तिच्यावर ३ मिमी अंतर ठेवून थांबवलं. सलग लाकडी दिसावं असं वाटत असेल तर खालची पट्टी डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) घ्या. ती पाण्याने फुगत नाही आणि वाळवीही तिला तोंड लावत नाही. एचडीएचएमआर हा एमडीएफचा घट्ट, दमटपणा सोसणारा भाऊ. हवेतला ओलावा तो चांगला सहन करतो, पण रोजच्या ओल्या फडक्याला तोही कायमचा पुरणार नाही.

ओलीचा कोपरा

माझ्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात वरचं सगळं करूनही रंगाला फोड आले असते, कारण तिथे दुखणंच वेगळं होतं. पट्ट्या काढल्यावर मागे प्लास्टरवर लोणा दिसला. ओल हवेतली की भिंतीतली हे ठरवायला एक फुकटची परीक्षा आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर खोलीतली हवा दमट आहे. माझ्याकडे आतून धरलं. भिंतीपलीकडे बाथरूम, शॉवरखालच्या टाइलमधलं ग्राउट दोन ठिकाणी गळून गेलेलं. ते नव्याने भरून घेतलं, शॉवर महिनाभर बादलीवर आणला, परत प्लास्टिक लावून कोरडं निघाल्यावरच त्या कोपऱ्यात पट्ट्या चढवल्या.

ओल्या भिंतीवर पॅनेलिंग करून "झाकून टाकू" हा सल्ला अनेक जण देतात, काही ठेकेदारसुद्धा. असं झाकलेलं काम मी एका घरी दोन वर्षांनी उघडलं. आत बुरशी होती, आणि प्लायच्या मागून वाळवीची मातीची रेघ छतापर्यंत गेली होती. प्लाय चांगल्या प्रतीचा होता, आयएस ७१० चा, ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा पास होणारा. त्याचा चिकटवलेला थर सुटला नव्हताच. पण प्लाय पाण्याला टिकला म्हणून भिंत वाळत नाही.

घराबाहेर

मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याच्या घराला बाहेरून देवदाराच्या फळ्यांचं, खरंखुरं बोर्ड अँड बॅटन आहे. माझी भिंत फोनवर बघून त्याने त्याच्या फळ्यांचे फोटो पाठवले: फळ्या बरोबर मधोमध उभ्या चिरल्या होत्या. सांधे शाबूत, फळ्या फाटलेल्या. मी त्याला एकच विचारलं, पट्टीचा खिळा कुठे मारलाय? तर पट्टीच्या दोन्ही कडांना खिळे, म्हणजे एक डावीकडच्या फळीत आणि एक उजवीकडच्या.

इथेच घोळ. दहा इंची फळी ८ टक्के ओलावा गमावताना तीन-साडेतीन मिमी आकसते. तिच्या मधे खिळा, शिवाय दोन्ही कडा पट्टीच्या खिळ्यांनी जखडलेल्या. आकसायला जागा नाही, मग ती मधेच फाटते. फळीला खिळे मधल्या भागात, रुंद फळी असेल तर तीन-चार इंच अंतरावर दोन. दोन फळ्यांमध्ये अर्धा इंच फट. आणि पट्टीचा खिळा पट्टीच्या मधोमध, म्हणजे तो फळीला न शिवता फटीतून सरळ मागच्या आडव्या लाकडात गेला पाहिजे. पट्टीने दोन्ही फळ्यांवर अर्धा-अर्धा इंच तरी यायला हवं. खिळे स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाने देवदारावर काळे ओघळ उतरतात. त्याने फाटलेल्या फळ्या बदलल्या, बाकीच्या पट्ट्या उतरवून मधोमध खिळे मारून परत लावल्या. सगळ्यात खालची कड मातीपासून सहा-आठ इंच वर हवी, तीही त्याच्याकडे दोन ठिकाणी फुलांच्या वाफ्यात गाडली गेली होती.

आपल्याकडे लोणावळा-कर्जत पट्ट्यातल्या बंगल्यांना हल्ली हा बाहेरचा लुक हवा असतो. तिथल्या पावसात एमडीएफ किंवा एचडीएचएमआर बाहेर लावू नका, कितीही रंग मारा. फायबर सिमेंटचा बोर्ड आणि त्याच्याच पट्ट्या चालतात. कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, मिस्त्रींना मास्क द्या आणि तो नाकावर राहतोय का बघा. डब्ल्यूपीसी पाण्याला भीत नाही पण उन्हाला हलते: पश्चिमेच्या भिंतीवर सकाळ आणि दुपार यांत तापमानाचा ३० अंशांचा फरक पडला की आठ फुटी पट्टी सुमारे ४ मिमी वाढते. गडद रंग दिला तर आणखी. तिला टोकाला जागा सोडा आणि स्क्रूचं भोक लांबट करा.

माझी भिंत आता बरी आहे. मधल्या सांध्यांनी उन्हाळा निभावला. डावीकडच्या कोपऱ्यातला एक सांधा मात्र एप्रिलमध्ये पुन्हा उघडला. तिथे पुस्तकांचं कपाट आड येत होतं म्हणून जुनी पट्टी पिनांवर तशीच राहू दिली होती. कपाट हलवायला दोन माणसं लागतील. दिवाळीनंतर बोलावते.